गाडी दोनदा जोडा: जुनी बुलेट घरच्या शेडमध्ये उभी करताना

कराडजवळच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची 1987 सालची बुलेट 350. ते गेल्यापासून गाडी पडवीत उभी आहे. इंजिन जाम, टाकीत गंज, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. घराला लागून दहा बाय बाराची पत्र्याची शेड आहे, हाताला पाना-पक्कडची सवय आहे. गाडी स्वतः खोलून उभी करायची आणि जमलं तर तिची कॅफे रेसर, म्हणजे खाली वाकून चालवायची शर्यतीच्या ढंगाची गाडी, करायची. सुरुवात कुठून करू? घरी काय होईल, बाहेर काय द्यावं लागेल आणि खर्च किती येईल?

घरी बरंच होतं, आणि या गाडीचं तर जास्तच होतं. लोखंडी बोअरचं (मेकॅनिक सिलिंडरलाच बोअर म्हणतात) हे जुनं इंजिन, 346 सीसी, आतला व्यास 70 मिलिमीटर आणि पिस्टनची चाल 90, इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्यातल्या आराखड्यावरचं. 1955 साली मद्रासमध्ये या गाडीची जुळणी सुरू झाली, आणि तुमची गाडी बनेपर्यंत त्या आराखड्यात मुळापासून म्हणावं असं फारसं काही बदललं नव्हतं. ज्या काळात मालकानंच रविवारी गाडी उघडायची असा रिवाज होता, त्या काळातलं हे यंत्र आहे. हात जातो, डोळ्यांना दिसतं, आणि एखादा भाग कशासाठी आहे हे त्याच्याकडे बघून कळतं. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीबद्दल मी असं म्हणणार नाही.

फक्त माझी एक अट आहे. गाडी दोनदा जोडायची तयारी ठेवा.

पहिल्यांदा कच्ची जोडायची. इंजिन पूर्ण झालेलं, ब्रेक नवे, वायरिंग नवं. पण चासी उघडी, टाकीवर नुसता प्रायमर, मडगार्डला रंग नाही. तशी ती काही शे किलोमीटर चालवायची. मग पुन्हा सगळी खोलायची, रंग-प्लेटिंग करून आणायचं आणि दुसऱ्यांदा, शेवटची, जोडायची. बहुतेक लोक उलटं करतात. पहिल्याच महिन्यात चासी पावडर कोटिंगला जाते, टाकी आरशासारखी होऊन येते, व्हॉट्सॲपवर फोटो फिरतात. मग इंजिन बसवताना नव्या रंगाचे टवके उडतात. मडगार्डची पट्टी अर्धा इंच सरकवायची म्हणून वेल्डिंग करावं लागतं आणि भोवतीचा रंग करपतो. गाडी कशीबशी सुरू होते तर टायमिंग कव्हरमधून ऑइल झिरपतंय. तोवर पैसाही संपलेला असतो आणि हौसही. अशा चकचकीत, पण न चालणाऱ्या गाड्या नेहमी विकायला निघतात. जाहिरातीत लिहिलेलं असतं, ‘किरकोळ काम बाकी’.

पान्याला हात लावायच्या आधी कागद. हे कंटाळवाणं आहे, पण यावर नंतर रडणारे लोक मी पाहिलेत. आरसी बुक काढा आणि त्यावरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चासी नंबर हँडलच्या गळ्याशी ठोकलेला असतो, इंजिन नंबर डाव्या बाजूच्या क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या घरावर. गंज असेल तर रॉकेलचा बोळा आणि पितळी ब्रश; पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर तिथे अजिबात नको. नंबर पुसट झाला की गाडी संशयित होते. वडिलांच्या नावावरची गाडी तुमच्या नावावर करायला वारसाचा फॉर्म 31 लागतो, आणि पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला फॉर्म 25. जुन्या कागदी आरसीची नोंद सरकारच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीत आहे का ते आधी बघा; नसेल तर आरटीओत बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबर प्लेट हे ओघानं येतंच. फिटनेससाठी गाडी चालती लागते, त्यामुळे नूतनीकरण कच्ची गाडी उभी राहिल्यावरच होणार. पण कागदांत काही मेख आहे का, हे आज कळायला हवं. इंजिनाचं काम उरकल्यावर ते कळून उपयोग नाही.

एक गैरसमज इथेच काढतो. ‘व्हीए’ मालिकेची व्हिंटेज नंबर प्लेट तुमच्या गाडीला मिळणार नाही. 2021 च्या त्या नियमाला गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी लागते, आणि मिळाली तरी तशी गाडी रोज फिरवता येत नाही.

आता गाडीकडे वळू. लगेच खोलायला बसू नका. जशी आहे तशी चारी बाजूंनी फोटो काढा. केबल कुठून कशी गेली आहे, कुठला वॉशर कुठल्या बाजूला आहे, सगळं. मग इंजिनखालचे ड्रेन बोल्ट उघडून ऑइल एका पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. या इंजिनात ऑइलची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात असते, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली की पंपातून झिरपून ते ऑइल पुढे क्रँकच्या (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या) कप्प्यात उतरतं. म्हणून दोन्हीकडचं काढा आणि वेगळं काढा. ट्रे उन्हात तिरपा धरून बघा. काळं, जळकं ऑइल असेल तर काही बिघडत नाही. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. चमकणारे चपटे कण असतील तर बेअरिंग किंवा बुश सुटायला लागलंय, म्हणजे क्रँक उघडावा लागणारच. चुंबक फिरवा, त्याला चिकटलेली बारीक करडी पूड ही नेहमीची झीज, पण नखाएवढा तुकडा निघाला तर तो कुठल्या गिअरचा दात आहे ते शोधावं लागेल.

जाम इंजिनावर किक मारू नका. गावात कुणीतरी धडधाकट मित्र येतो, ‘सरक बाजूला’ म्हणतो आणि किकवर उभा राहतो. त्यात किकचा दात तरी तुटतो, नाहीतर कनेक्टिंग रॉडला मार बसतो. प्लग काढा, त्या भोकातून डिझेल आणि गिअरचं पातळ ऑइल समसमान मिसळून ओता, दोन-तीन दिवस राहू द्या, रोज थोडी भर घाला. मग मधल्या स्टँडवर गाडी, चौथा गिअर, आणि मागचं चाक हातानं हळूहळू पुढेमागे. टोकाच्या गिअरमध्ये चाकाला जोर कमी लागतो आणि धक्का बसत नाही. नाहीच हललं तर हेड (सिलिंडरचं वरचं झाकण) उतरवा, बोअरला बाहेरून हॉट एअर गननं ऊब द्या आणि पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी सुटणारा पिस्टन पहिल्या दिवशी हातोड्यानं फोडणारे लोक आहेत.

हत्यारांत कंजुषी करायची नाही, पण सगळंच घ्यायचीही गरज नाही. तुमच्या गाडीवरचे बरेचसे नटबोल्ट इंची आहेत, आणि इंचीतही ते व्हिटवर्थ मापाचे. पान्यावर डब्ल्यू लिहिलेलं असतं आणि माप नटाच्या रुंदीचं नाही, तर बोल्टच्या जाडीचं असतं. जुने मेकॅनिक ‘पाच-सोळाचा दे’ म्हणतात तो हा पाना. मिलिमीटरचा जवळच्या मापाचा पाना तिथे बसल्यासारखा वाटतो, पण नटाचे कोपरे खातो. रिंग पाने वापरा, फिक्स पाने शेवटचा पर्याय. क्लचचा पुलर (ओढून काढायचं हत्यार) आणि टायमिंग पिनियनचा, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या छोट्या गिअरचा, पुलर हवाच. त्या पिनियनवरच्या, ऑइल पंप फिरवणाऱ्या वर्म नटाला उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवला की तो सुटतो. हे माहीत नसलेला माणूस लांब पाइप लावून उलट्या बाजूनं आवळत बसतो, आणि क्रँकच्या टोकाचे आटे मारून ठेवतो. मग दुरुस्ती हजारात जाते.

याशिवाय फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक बरा व्हर्निअर, टॉर्क पाना, भक्कम व्हाइस आणि भरपूर उजेड. शेडमध्ये दोन एलईडी ट्यूब वर आणि हातात फिरवायला एक दिवा. भाग धुवायला रॉकेल किंवा डिझेल, पेट्रोल नाही. बंद शेडमध्ये पेट्रोलची वाफ जमिनीलगत साचते आणि शेजारच्या गीझरच्या ठिणगीपर्यंत आपोआप पोचते. ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

खोलताना प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर मार्करनं नाव. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर त्या कव्हरचा आकार काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवा. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणारे लांब दांडे) इनलेटचा कुठला, एक्झॉस्टचा कुठला यावर खूण करा. त्यांची अदलाबदल चालत नाही. सुटलेला जुना भाग, अगदी फाटलेलं पॅकिंगसुद्धा, नवा मिळून बसेपर्यंत फेकू नका. बाजारात मिळणारा नवा भाग नव्वदच्या दशकातल्या गाडीचा आहे की तुमच्या, हे जुना शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोलबाग इथे बुलेटचं बहुतेक सामान मिळतं, पण ‘मिळतं’ आणि ‘बसतं’ यांत फरक आहे.

बाहेर काय द्यायचं ते आता. बोअरिंग, क्रँक दाबणं आणि ट्रू करणं (न डगमगता फिरेल असा सरळ करणं), व्हॉल्व्ह गाइड बदलणं, सीट कापणं, प्लेटिंग. ही यंत्रावरची कामं, ती बाहेरच. तुम्ही कराडकडचे, म्हणजे कोल्हापूर जवळ. आमच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांची कमी नाही. डिझेल पंपाच्या इंजिनांवर हात बसलेली माणसं आहेत. पण तिथे ‘इंजिन करून द्या’ म्हणून पोतं ठेवून यायचं नाही. मोजमाप तुम्ही करायचं, काम त्यांनी. बोअरमध्ये वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं माप घ्यायला सांगा आणि समोर उभे राहा. झीज वरच्या भागात, रिंगा फिरतात तिथे, सर्वांत जास्त असते. पिस्टनची ओव्हरसाइज वीस, चाळीस, साठ अशी सांगतात, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. आधी पिस्टन विकत घ्या, मग तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्या पिस्टनच्या मापानं बोअर मारायला सांगा. ‘वीसचा मारून ठेवतो, पिस्टन मागनं आणा’ म्हणणाऱ्याला हात जोडा. एकाच वीसच्या दोन कंपन्यांच्या पिस्टनांत फरक असतो. बोअर मारल्यावर होनिंगच्या तिरप्या रेघा दिसल्या पाहिजेत, गुळगुळीत आरसा नको. त्या रेघांत ऑइल थांबतं आणि रिंगा बसतात.

क्रँक बघण्याची पद्धत सोपी आहे. पिस्टन उतरवल्यावर कनेक्टिंग रॉड सर्वांत वर आणा, दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढा. बाजूला थोडा हलला तर तसा तो हलायचाच. वर-खाली ‘टक’ जाणवला तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँकवर बसणारं खालचं टोक, गेलं. या इंजिनात तिथे रोलर नाही, फिरता बुश आहे. त्याला स्वच्छ ऑइल मिळत राहिलं तर तो पुष्कळ वर्षं टिकतो, ऑइल बदललंच नाही तर लवकर जातो. नवा बसवल्यावर क्रँक दोन सेंटरमध्ये धरून डायलवर बघतात, काटा 0.05 मिलिमीटरच्या आत हलला पाहिजे. डायल लावायला कंटाळणारा कारागीर असेल तर क्रँक उचला आणि दुसरीकडे न्या.

बाकी इंजिन तुम्ही शेडमध्ये जोडू शकता. व्हॉल्व्ह पेस्टनं घासून बसवले की शेडबाहेर, मोकळ्यावर हेडच्या पोर्टमधून (हवा-धुराच्या वाटेतून) पेट्रोल ओतून दहा मिनिटं बघा. खाली थेंब आला तर पुन्हा घासा. रिंगा पिस्टनवर चढवायच्या आधी एकेक बोअरमध्ये सरळ ढकलून तोंडाची फट फिलर गेजनं मोजा, 0.4 मिलिमीटरच्या आसपास हवी. फट नसेल तर गरम झाल्यावर रिंगची दोन तोंडं भिडतात आणि बोअर खरवडला जातो.

‘बुलेट आहे म्हणजे ऑइल गळणारच’ हे आपल्याकडे इतकं मुरलंय, की लोक गळती दुरुस्तच करत नाहीत. कव्हरं स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्यानं त्यांच्या कडा उठलेल्या असतात, एवढंच कारण बहुतेकदा असतं. जाड काचेवर बारीक एमरी पेपर पसरा, त्यावर कव्हरची कड आठच्या आकड्यात फिरवा. दोन-चार फेऱ्यांनंतर उंच भाग चमकतो, खोल भाग मळकट राहतो. सगळी कड एकसारखी चमकेपर्यंत थांबायचं नाही. मग साधं कागदी पॅकिंग पुरतं. सिलिकॉनचा मलिदा भरू नका, आत निघालेला त्याचा तुकडा ऑइलच्या वाटेत अडकतो. दुसरं कारण ब्रीदर. क्रँककेसमधली हवा बाहेर जायची वाट बुजली असेल तर कितीही पॅकिंग बदला, ऑइल दुसरी फट शोधेल.

जोडून झालं की टायमिंग कव्हरच्या आत आणि फिल्टरच्या घरात थोडं ऑइल ओतूनच बंद करा, कारण नवा पंप कोरडा असतो. आणि पहिल्यांदा सुरू झाल्यावर हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या पाइपचा वरचा बोल्ट किंचित ढिला करून बघा. तिथे ऑइल आलं पाहिजे. आवाज ऐकून खूश होण्याआधी हे. मिनिटभरात आलं नाही तर इंजिन बंद.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यांमधली फट, या गाडीत थंड इंजिनावर शून्य ठेवतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा. पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात वाजता कामा नये. पॉइंटची (ज्याच्या उघडण्यानं ठिणगी पडते त्या स्विचची) फट 0.35 ते 0.40 मिलिमीटर. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायचा क्षण, पिस्टन टोकापासून 0.8 मिलिमीटर खाली असताना, ॲडव्हान्सचं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारं) यंत्र पूर्ण मिटलेलं असताना. तो क्षण पकडायला पॉइंटच्या फटीत सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरा, चौथ्या गिअरमध्ये मागचं चाक केसभर फिरवा आणि कागद हलकेच ओढत राहा. जिथे तो सुटतो तिथे ठिणगी. बॅटरी आणि बल्ब लावूनही बघता येतं, मला कागदच बरा वाटतो. टायमिंग फार पुढे असेल तर किक उलटी बसते आणि घोट्याला ते आठवडाभर आठवत राहतं.

टाकीचं काम घरी छान होतं. आधी उरलेलं पेट्रोल काढा, पाण्यानं भरपूर धुवा. मूठभर नट आत टाकून टाकी घोंगडीत गुंडाळून हलवा, सुटा गंज निघेल. मग कोमट पाण्यात लिटरला साधारण शंभर ग्रॅम लिंबूसत्व, टाकी तोंडापर्यंत भरून रात्रभर. सकाळी गढूळ पिवळं-हिरवं पाणी निघतं आणि आतला पत्रा राखाडी दिसतो. लगेच खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, केस वाळवायच्या मशीननं सुकवा आणि लगेच थोडं ऑइल-पेट्रोल फिरवा. तासाभरात नवा गंज धरतो. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी करायचं नाही. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, आत वाफ असते. हे काम रोज टाक्या करणाऱ्याकडेच. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला आणि टाकीच्या आतल्या लेपाला सोसत नाही, शिवाय हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोलची नळी, कॉकची वॉशरं आणि कार्ब्युरेटरची नीडल नवी घाला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

वायरिंगवर फार वेळ घालवू नका, कुरतडलेलं जोडत बसू नका. नवा हार्नेस (तयार वायरिंगचा संच) घ्या, बॅटरीजवळ फ्यूज घाला, चासीला अर्थ जिथे बसतो तिथला पत्रा घासून उघडा करा. बल्बवर 6 व्होल्ट लिहिलंय की 12 ते बघून बॅटरी आणि कॉइल घ्या.

टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी शाबूत दिसली तरी जुने टायर बाद. रबर दगड झालेलं असतं. 3.25-19 अजून सहज मिळतो.

आता कॅफे रेसर. कच्ची गाडी चालवल्याशिवाय हा निर्णय घेऊ नका. एक तर तुम्ही आजच्या गाड्या चालवलेल्या, आणि तुमच्या या बुलेटला गिअर उजव्या पायात, एक वर आणि बाकी खाली, ब्रेक डाव्या पायात. पहिले काही दिवस मोकळ्या रस्त्यावर सवय करा. घाबरल्यावर पाय जुन्या सवयीनं गिअरवर जातो. दुसरं, खाली वाकायचं हँडल आणि मागे सरकवलेले फूटरेस्ट कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटात कसे वाटतील हे फोटो बघून कळत नाही. हे इंजिन सावकाश फिरण्यासाठी बनलंय. साठ-पासष्टच्या वेगात, सरळ पाठीनं बसून ते आयुष्यभर चालेल. त्याला शर्यतीचं रूप देऊन मिळतं काय, तर मनगटाला कळ. ही माझी आवडनिवड आहे, तुमची वेगळी असू शकते.

करायचंच असेल तर एकच नियम पाळा: जे बोल्टनं बसतं ते करा, जे कापून होतं ते करू नका. सीट बदला, हँडल बदला, मडगार्ड आखूड हवं तर बाजारातून दुसरं आणून त्यावर प्रयोग करा, मूळचं कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. चासीचा मागचा गोल कापून सीटची उंची कमी करणारे ‘कस्टम’वाले भेटतील, त्याला नाही म्हणा. तो गोल दिसायला नुसता नळी आहे, पण मागच्या शॉकअबचा भार तिथेच येतो. जाड टायर चेनला घासतो. उंच हँडल लावलं तर क्लच-ब्रेकच्या केबली ताणल्या जातात, आणि वळताना हँडल एका बाजूला नेलं की क्लच आपोआप दबतो. कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ स्वरूपात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असे बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते. फटफट वाजणाऱ्या सायलेन्सरचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पोलीस ते रस्त्यावर मांडून वरून रोलर फिरवतात. शेजाऱ्यांचे आशीर्वाद पोलिसांच्या बाजूला असतात.

गाडीत बदल करायला पैसे असतील तर सर्वांत आधी पुढच्या ब्रेकवर घाला, तेही आरटीओत विचारून. तुमच्या गाडीचा पुढचा छोटा ड्रम तेव्हाच्या रिकाम्या रस्त्यांसाठी होता. नंतरच्या मॉडेलांवरचा सात इंची, दोन लीडिंग शूजचा ड्रम बसवता येतो, जुन्या रूपाला धक्का लागत नाही आणि गाडी थांबते. फोटोत तो कुणाला दिसणारही नाही.

कच्ची गाडी चालवण्याचे दिवस फुकट जात नाहीत. पहिल्या पाचशे किलोमीटरपर्यंत पन्नासच्या वर नको, एकाच वेगात लांब पल्ला नको, चढावर टोकाच्या गिअरमध्ये रेटायचं नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कनं आवळा, टॅपेट पुन्हा बघा, ऑइल लवकर बदला. कुठे कंप येतो, कुठला पत्रा वाजतो, फूटरेस्ट कुठे टेकतो, सगळं वहीत लिहा. मडगार्डच्या पट्ट्या, इंडिकेटरच्या भोकांची जागा, हॉर्नचा ब्रॅकेट, जे काही वेल्डिंग आणि ड्रिलिंग असेल ते या उघड्या लोखंडावर उरकून घ्या.

मगच रंग. चासीला सँडब्लास्टिंग करून पावडर कोटिंग चालेल, पण चासी नंबरवर, बेअरिंगच्या घरांत आणि आट्यांत मास्किंग करायला स्वतः उभे राहा. पावडरचा जाड थर नंबरावर बसला की तपासणीला तो वाचता येत नाही. इंजिनावर सँडब्लास्टिंग कधीच नको. वाळूचा कण ऑइलच्या वाटेत राहतो. टाकीला लांबी (पुट्टी) कमीत कमी, पोचा आधी मागून उठवून घ्या. बफिंगवाल्याला कव्हरं देताना कडेवर चाक लावू नको असं बजावून सांगा, नाहीतर काचेवर केलेली सगळी मेहनत तो पाच मिनिटांत गोल करून देईल. टाकीवरच्या सोनेरी रेघा मद्रासच्या कारखान्यात हातानं मारायचे. स्टिकर लावण्यापेक्षा गावातला एखादा जुना नंबर प्लेट रंगवणारा पेंटर गाठा, त्याच्या ब्रशला ती सवय असते. आणि टाकीवर ‘रॉयल एनफिल्ड’ लावू नका. तुमच्या गाडीच्या वेळी कंपनी एनफिल्ड इंडिया होती, बिल्ला नुसत्या ‘एनफिल्ड’चा. ‘रॉयल’ मागाहून, 1994 मध्ये कंपनी आयशरकडे गेल्यानंतरच्या काळात परत आलं.

खर्चाचा आकडा तुम्ही विचारलाय, पण क्रँक आणि बोअर बघितल्याशिवाय सांगितलेला कुठलाही आकडा ठोकून दिलेला असतो. हाताशी असलेल्या पैशाचे मनातल्या मनात दोन भाग करा आणि इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग या भागातला एक रुपयाही रंगाकडे वळवू नका. या आठवड्यात आरसीचे नंबर ताडून बघा आणि ऑइल काढा. ट्रेचा उन्हात काढलेला फोटो पाठवलात तर क्रँक उघडायचा की बोअरवर भागेल, हे बरंचसं सांगता येईल.